कोळसा नळातून, पण पाणी कुणाचे?

कोळसा बारीक दळायचा, जवळपास तेवढ्याच वजनाचे पाणी मिसळायचे आणि तो रेंदा पंपाने नळातून ढकलायचा. रस्त्यावर धूळ नाही, ट्रकची रांग नाही, मनुष्यबळ कमी. अमेरिकेत ब्लॅक मेसा खाणीतून मोहावी वीजकेंद्रापर्यंत असा 439 किलोमीटरचा नळ 1970 पासून 2005 अखेरपर्यंत चालला.

खरी किंमत पाण्यात मोजावी लागली. वाळवंटातल्या होपी आणि नवाहो या आदिवासी लोकांच्या भूजलातून वर्षाला सुमारे 500 कोटी लिटर उपसा होई. हिरण्यकेशी नदीवर उपसाबंदी लागली की मोटारी बंद ठेवून उभ्या उसाकडे बघत बसणाऱ्या गडहिंग्लजच्या शेतकऱ्याला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. शिवाय पोहोचलेला कोळसा यंत्रात घुसळून निथळावा लागतो. तरी ओल उरते आणि ती वाळवण्यात उष्णता जाते. काळे पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. रेल्वे परतताना दुसरा माल आणू शकते, नळ आणू शकत नाही.

गडचिरोलीत आता हेडरी ते कोनसरी लोहखनिज असेच नळातून जाते. तिथे ट्रक कमी होणे हा मोठा दिलासा आहे. चंद्रपूरच्या कोळशासाठी कुणी असा नळ सुचवला, तर भांडवलाच्या आधी मे महिन्यातल्या पाण्याचा हिशेब मागावा.