घोट्यावरील शस्त्रक्रियेनंतर जखमेची निगा

पावसाळ्यात बांधावरून पाय घसरणे, मोटारसायकल कलंडून पाय तिच्याखाली सापडणे, जिन्याची शेवटची पायरी चुकणे अशा अगदी साध्या कारणांनी घोट्याचे हाड मोडते. मोडलेली हाडे जागेवरून सरकली असतील तर केवळ प्लास्टरने भागत नाही. शस्त्रक्रिया करून ती धातूची पट्टी व स्क्रू यांच्या साहाय्याने जुळवावी लागतात. स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सकांच्या एका गटाने १९५८ मध्ये या पद्धतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास हाती घेतला आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे रुग्ण बरा झाला, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शस्त्रक्रियेला एक-दोन तास लागतात; जखम भरून येण्यास मात्र दोन ते तीन आठवडे आणि हाड सांधण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. यातील बहुतेक काळ रुग्ण घरी असतो. त्यामुळे शल्यचिकित्सकाने केलेले काम टिकविण्याची मोठी जबाबदारी रुग्णावर व त्याच्या कुटुंबावर येते.

जखम नाजूक का?

मांडीवर किंवा दंडावर कातडीखाली स्नायूंचा जाड थर असतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंना तसा थर नाही. पातळ कातडीखाली लगेच हाड लागते. बसविलेली धातूची पट्टीही याच कातडीखाली असते. शिवाय पाय खाली लोंबता राहिला की त्यात रक्त व द्रव साठून सूज येते, टाक्यांवर ताण पडतो आणि कातडीचा रक्तपुरवठा मंदावतो. सूज ओसरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत डॉक्टर कित्येकदा शस्त्रक्रिया काही दिवस पुढे ढकलतात, ते याच कारणासाठी. नातेवाइकांनी ती दिरंगाई समजू नये.

जंतू जखमेतून धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचले तर ते तिच्यावर चिकट थर करून राहतात. या थरात औषधांचा प्रभाव पुरेसा पडत नाही. मग जखम पुन्हा उघडून धुणे, पट्टी काढणे असे उपाय करावे लागतात. संसर्ग हाडात मुरला तर पाऊल गमावण्याचीही वेळ येऊ शकते.

स्वच्छतेचा धडा

१८६५ मध्ये ग्लासगो येथे गाडीचे चाक पायावरून गेल्याने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायाचे हाड मोडले व जखम उघडी पडली. त्या काळी अशा जखमेत पू होऊन पाय कापावा लागणे ही नेहमीची गोष्ट होती. जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने ती जखम कार्बोलिक आम्लात भिजविलेल्या कापडाने झाकली आणि मुलाचा पाय वाचला. आज ते आम्ल जखमेवर वापरीत नाहीत; परंतु जखमेपर्यंत जंतू पोहोचू द्यावयाचे नाहीत, हे तत्त्व कायम आहे. हळद, चुना, राख, तेल किंवा झाडपाल्याचा लेप लावल्याने याच तत्त्वाचा भंग होतो. घोटा चोळून घेणे तर सर्वथा वर्ज्य होय.

घरी घ्यावयाची काळजी

जखमेवरील पट्टी कोरडी ठेवावी आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ती किंवा आधाराचे प्लास्टर काढू नये. पट्टी बदलण्यास सांगितले असल्यास प्रथम साबणाने हात स्वच्छ धुवावेत. स्नानाच्या वेळी पाय प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधावा व पाण्याबाहेर ठेवावा. प्लास्टरखाली खाज सुटली तरी काडी किंवा सुई आत घालू नये.

पहिले दोन आठवडे दिवसातील बराच वेळ आडवे पडून, पायाखाली उशा किंवा घडी केलेली गोधडी घेऊन घोटा छातीच्या पातळीहून उंच ठेवावा. बोटे अधूनमधून हलवावीत. टाके साधारणतः दोन ते तीन आठवड्यांनी काढले जातात. त्याची तारीख चुकवू नये.

दुखणे थांबले म्हणजे हाड सांधले, असे नव्हे. रोजंदारीवर पोट असलेला माणूस तिसऱ्या आठवड्यातच पाय टेकून कामावर जाऊ पाहतो. परंतु पायावर भार केव्हा द्यावयाचा हे डॉक्टरच ठरवितात. अनेकदा सुमारे सहा आठवडे थांबावे लागते. तोवर कुबड्या किंवा वॉकरचा आधार घ्यावा.

आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, पेरू, आवळा असावेत. धूम्रपानाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखम भरण्यास विलंब लागतो. म्हणून विडी, सिगारेट आणि इतर तंबाखूही बंद करावी. मधुमेही रुग्णाने साखर नियंत्रणात ठेवावी. अशा रुग्णाला पायातील वेदना जाणवत नसण्याचा संभव असल्याने पट्टी ओली झाली काय, दुर्गंधी येते काय, हे घरच्यांनी रोज पाहावे. प्रतिजैविके मध्येच सोडू नयेत, तशीच स्वतःच्या मनाने विकत घेऊनही खाऊ नयेत.

धोक्याची लक्षणे

कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, लाली पसरणे, पू किंवा दुर्गंधी येणे, टाके उसवणे, ताप येणे, बोटे निळी, थंड वा बधिर होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटरी दुखून सुजली तर रक्ताची गुठळी झाल्याचा संभव असतो; त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावाचा सहभाग

या काळात शेजाऱ्यांचे व संस्थांचे साहाय्य मोलाचे ठरते. टाके काढण्याच्या दिवशी वाहनाची सोय करणे, बैठ्या शौचालयात आधारासाठी खुर्ची देणे, ही कामे ग्रामपंचायत सदस्यांना सहज करता येतील. पाय मोडलेल्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर भरविणे व पाय वर ठेवण्यास त्याला दुसरे बाक देणे शिक्षकांच्या हाती आहे. कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्याची वैद्यकीय रजा वेळेवर मंजूर केली तर त्याला घाईने कामावर रुजू व्हावे लागणार नाही. आशा स्वयंसेविकेस रुग्णाची माहिती दिल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क राहील. घरातील दक्षतेला गावाची अशी साथ मिळाली, तर शस्त्रक्रियेने जुळविलेला पाय पुन्हा शेतात, शाळेत आणि कामावर खंबीरपणे उभा राहील.