‘दुसरंच कुणीतरी अंगात येतं हो…’

परवा रविवारी दुपारी ओटा आवरून बाहेर आले, तर चिरंजीव लॅपटॉपवर ‘स्टार ट्रेक’चा एक जुना भाग लावून बसलेले. अंतराळयान, लांब कानांचा तो मिस्टर स्पॉक. एरवी मी या वाटेला जात नाही. ‘‘आई, बस ना पाच मिनिटं,’’ म्हणाला म्हणून टेकले, आणि संपेपर्यंत उठलेच नाही.

हा भाग अमेरिकेत २२ डिसेंबर १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. नाव ‘वुल्फ इन द फोल्ड’, म्हणजे कळपात शिरलेला लांडगा. लिहिलाय रॉबर्ट ब्लॉक यांनी. हिचकॉकचा ‘सायको’ ज्या कादंबरीवर बेतला होता, तिचे हेच लेखक.

यानाचा इंजिनिअर स्कॉटी. त्याला अपघातात डोक्याला मार लागलेला. अपघात एका बाईमुळे झाला, त्यामुळे त्याच्या मनात बायकांबद्दल अढी बसेल की काय, अशी डॉक्टरांना काळजी. जरा मन रमावं म्हणून त्याला एका शांतताप्रिय ग्रहावर नेतात. तिथल्या एका नर्तिकेबरोबर तो धुक्यात फिरायला निघतो. थोड्या वेळात किंकाळी. ती मरून पडलेली आणि स्कॉटीच्या हातात रक्ताळलेला सुरा! त्याला मात्र काही म्हणजे काही आठवत नाही. मग त्याची तपासणी करायला आलेली यानावरची अधिकारी मरते. मग त्या ग्रहाच्या प्रमुखाची बायको. तिन्ही वेळा स्कॉटी जवळच.

शेवटी उलगडा होतो. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करणारा ‘जॅक द रिपर’ म्हणजे माणूस नव्हताच; शरीर नसलेली एक दुष्ट शक्ती होती. ती याच्या-त्याच्या अंगात शिरत, शतकानुशतकं खून करत ग्रहाग्रहांवरून फिरत आली. आत्ता ती असते कुणाच्या अंगात? तर खुनांची चौकशी करणाऱ्या, ‘स्कॉटीच गुन्हेगार’ म्हणून सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या अधिकाऱ्याच्या!

‘‘आई, हा तर आपला तात्या विंचूच!’’ लेक म्हणाला. खरंच की. महेश कोठारेंच्या १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, इथे माणसात. आम्ही हसलो. पण नंतर भांडी लावताना माझं हसू मावळलं. कारण ही गोष्ट मी दर आठवड्याला ऐकते.

आमच्या वस्तीतल्या सल्ला केंद्रावर मी दोन दिवस बसते. समोरची बाई सुजलेला गाल पदराने झाकत हमखास म्हणते, ‘‘ताई, माणूस वाईट नाही हो. पोटात गेली की दुसरंच कुणीतरी अंगात येतं त्याच्या. सकाळी त्याला काही आठवतसुद्धा नाही.’’ अगदी स्कॉटीसारखं!

हे ती खोटं बोलते असं नाही. तिला त्याच माणसाबरोबर राहायचं असतं, मुलांना त्यालाच बाबा म्हणायला लावायचं असतं. मग मारणारा वेगळा आणि नवरा वेगळा, अशी वाटणी ती मनातल्या मनात करून टाकते. त्याशिवाय सकाळी त्याला चहा कसा देणार?

मागे एकीला मी सहज विचारलं, ‘‘हा जो कुणी अंगात येतो ना, तो कधी मुकादमावर हात टाकतो का गं?’’

ती थांबली. म्हणाली, ‘‘नाही ताई. मुकादम दिसला की पिऊनसुद्धा नमस्कार करतो.’’ मग जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘‘आणि आधी दाराला कडी घालतो.’’

अंगात आलेलं भूत कधी कडी घालतं का हो? कुणावर हात उचलायचा आणि कुणासमोर वाकायचं, हे ज्याला कळतं, तो शुद्धीवरच असतो. कायदाही हेच सांगतो. आपणहून प्यायलेल्या दारूची नशा ही गुन्ह्यातून सुटायची सबब होत नाही. नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल, तरच ती सूट. १८६०च्या भारतीय दंड संहितेत हे कलम होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा तर बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो. कडीच्या आत काय चाललंय, ते विचारायचा अधिकार बाहेरच्यांना आहे.

त्या भागातली एक गोष्ट मला खटकली. ती शक्ती भीतीवर जगते आणि बायका पुरुषांपेक्षा लवकर घाबरतात म्हणून ती बायकांनाच मारते, असं स्पॉकमहाशय शांतपणे सांगून टाकतात. म्हणजे फिरून दोष आमच्या घाबरण्याचाच! व्हाइटचॅपलच्या त्या बायका का मेल्या? ज्या पाचजणी त्याच्या बळी मानल्या जातात, त्यांची नावं मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. पहिल्या चौघी चाळिशीतल्या, माझ्याच वयाच्या. संसार मोडलेल्या, गरिबीने गांजलेल्या. मेरी अ‍ॅन निकोल्सकडे त्या रात्री खाटेचं भाडं द्यायला चार पेनीसुद्धा नव्हत्या, म्हणून ती रस्त्यावर होती. त्या मेल्या त्या छप्पर नव्हतं म्हणून. खुनी कधीच सापडला नाही, तरी त्याचं टोपणनाव जगाला पाठ. या पाचजणींची नावं मात्र मलाही मुद्दाम शोधून वाचावी लागली.

शेवट मात्र मला आवडला. ती शक्ती यानाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते. स्पॉक त्याला ‘पाय’ची किंमत शेवटच्या आकड्यापर्यंत काढायला सांगतो. तो शेवट कधी येतच नाही, त्यामुळे तिला तिथून बाहेर पडावं लागतं. आणि दरम्यान यानावरच्या सगळ्यांना मन शांत करणारं औषध दिलेलं असतं. कुणी घाबरतच नाही, मग तिला खायला काही उरत नाही.

सगळ्यांना, हं! एकट्या बाईला ‘तू घाबरू नकोस’ असं कुणी सांगत बसत नाही.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. भिंतीपलीकडून आवाज येतो, आपण टीव्हीचा आवाज वाढवतो आणि सकाळी नळावर तिला सांगतो, ‘‘धीर धर गं.’’ त्या कडी घालणाऱ्या नवऱ्याच्या दारावर एका रात्री शेजारच्या चार बायकांनी थाप मारली. ‘‘साखर आहे का?’’ एवढंच विचारलं. दुसऱ्या रात्री पुन्हा गेल्या. मारहाण एका दिवसात थांबली असं मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या आठवड्यात ती केंद्रावर आली, तेव्हा ‘दुसरंच कुणीतरी’ हे शब्द तिच्या तोंडी नव्हते.

‘‘ताई, तो मारतो,’’ ती म्हणाली. ‘‘अर्ज कसा करायचा, सांगा.’’