टाचेपुरती जागा

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर बॅगा लटकवल्या की पाठीवरची सॅक सुटते, शर्ट घामाने भिजत नाही, डबा, लॅपटॉप, रेनकोट सगळे त्यात बसते. पहिले पायडल मारेपर्यंत हा आनंद टिकतो. पाय मागे गेला की टाच बॅगेच्या कोपऱ्यावर आपटते, आणि मग प्रत्येक फेऱ्याला आपटत राहते. सांगलीहून मिरजेला रोज सायकलने जाणाऱ्याच्या वाटेत पायडलचे असे दीड-दोन हजार फेरे होतात. टाच वाचवायला तो नकळत पाऊल वाकडे ठेवतो, महिन्याभरात गुडघा कुरकुरायला लागतो. गर्दीच्या रस्त्यावर पाय पायडलवरून निसटला तर शेजारी एसटी असते.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका सायकल दुकानात हे बॅगा बसवण्याचे काम पाहण्यासारखे असते. गिऱ्हाईक कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई. त्यांनी नवी बॅग पुढे केली तरी मिस्त्री तिला हात लावत नाही. "मॅडम, बॅग नंतर बघू. आधी गाडीवर बसा," म्हणून तो सायकल भिंतीला टेकवतो. पुढचा प्रश्न बुटांचा: "रोज ह्येच घालता का?" मग तो बाईंना पायडल हळूहळू उलटे फिरवायला सांगतो. पाऊल सगळ्यात मागे गेले की "थांबा" म्हणतो आणि टाच जिथे आली त्या रेषेत मागच्या आडव्या नळीवर खडूची खूण करतो. बॅगेची पुढची कड त्या खुणेच्या मागे हवी, वर आणखी दोन बोटांची मोकळीक. सगळे काम त्या एका खुणेवर चालते.

खूण का लागते ते साध्या बेरजेने कळते. बहुतेक सायकलींचा क्रँक १७ सेंटिमीटरचा असतो. चवड्याने पायडल मारणाऱ्या, नऊ नंबरचा बूट घालणाऱ्या माणसाची टाच पायडलच्या मागे आणखी १८-१९ सेंटिमीटर जाते. म्हणजे क्रँकच्या मध्यापासून टाच ३५-३६ सेंटिमीटर मागे पोचते. गिअरवाल्या हायब्रिड सायकलीत मागचा एक्सल त्याच मध्यापासून साधारण ४४ सेंटिमीटरवर असतो. तीस सेंटिमीटर रुंदीची बॅग एक्सलच्या बरोबर मध्यावर टांगली तर तिची पुढची कड येते २९ सेंटिमीटरवर. टाचेला हवी असलेली सहा-सात सेंटिमीटर जागा बॅगेनेच अडवलेली असते. बॅग आठ-नऊ सेंटिमीटर मागे गेल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. उंच माणसाची अडचण याहून मोठी, कारण त्याचे पाऊल लांब असते आणि बऱ्याच मॉडेलांत फ्रेमचा साइज वाढला तरी मागच्या नळ्यांची लांबी तेवढीच राहते.

पाऊल पायडलवर कुठे ठेवतो यावरही बरेच ठरते. चपला घालून सायकल चालवणारे बहुधा तळव्याच्या मध्याने पायडल दाबतात, त्यामुळे टाच पुढेच राहते. तोच माणूस बूट घालून चवड्याने पायडल मारू लागला की काल बिनबोभाट बसलेली बॅग आज आड येते. कुपवाड एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराचा सेफ्टी बूट साध्या बुटापेक्षा जाड आणि लांब असतो. चप्पल घालून घेतलेले माप त्याच्या उपयोगाचे नाही.

हे सगळे नवे मुळीच नाही. काळ्या उंच सायकलीवर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून दूध घालणारे गवळी सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. सांगलीच्या पूर्वेला जत-आटपाडीत आणि साताऱ्याच्या माण-खटावात टंचाईच्या दिवसांत पाण्याच्या घागरी आणि कॅन याच पद्धतीने सायकलवरून घरी येतात. त्यांची टाच का लागत नाही? एक तर त्या सायकलीची मागची नळी हायब्रिडपेक्षा काही सेंटिमीटर लांब असते. दुसरे, गोल किटली पुढच्या बाजूने निमुळती होत जाते, चौकोनी बॅगेसारखा कोपरा ती टाचेसमोर धरत नाही. शिवाय ते लोखंडी कॅरिअर जाड पट्टीचे असते. आजच्या ॲल्युमिनियमच्या कॅरिअरवर बऱ्याचदा २५ किलोची मर्यादा छापलेली असते, आणि पंधरा लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे नुसते पाणीच ३० किलो. जुन्या सायकलीची नक्कल नव्या सायकलीवर करताना हा आकडा विसरू नये.

सायकलीशी या भागाचे नाते आणखीही जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. या परिसराच्या कारखानदारीची एक मुळी अशी सायकलच्या दुकानापर्यंत जाते.

विश्रामबागेतल्या दुकानात आता कॅरिअर बसते आहे. खालचे पाय एक्सलच्या वरच्या भोकांत पाच मिलिमीटरच्या बोल्टने घट्ट होतात. वरच्या दोन पट्ट्या सीटखालच्या नळ्यांना जोडताना मिस्त्री त्या पूर्ण आवळत नाही. सैल ठेवून तो अख्खे कॅरिअर जमेल तेवढे मागे ओढतो, ते जमिनीशी समांतर आहे ना ते बघतो आणि मगच आवळतो. डिस्क ब्रेक असला तर कॅलिपर कॅरिअरच्या पायाच्या आड येतो. तिथे वॉशर रचून लांब बोल्ट घालण्याचा मोह असतो, पण लांब बोल्टवर ओझ्याचा ताण वाढतो आणि तो खड्ड्यांत तुटू शकतो. डिस्कसाठीच वाकवलेले कॅरिअर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

त्यानंतर बॅगेच्या हुकांची पाळी. चांगल्या बॅगेचे हुक एका पट्टीवर सरकतात. ते पुढच्या कडेकडे सरकवून आवळले की बॅग कॅरिअरवर तेवढी मागे बसते. स्वस्त जोडबॅगांना हुकच नसतात. दोन बॅगा मधल्या कापडाने जोडलेल्या आणि वेल्क्रोने बांधलेल्या असतात, थेट पडशीसारख्या. अशी बॅग ब्रेक लावला की पुढे घसरते, सकाळी जुळवलेले माप संध्याकाळपर्यंत मोडते. तिला मागच्या टोकाला एक पट्टा बांधून कॅरिअरच्या शेवटच्या दांडीला खेचून ठेवावे लागते. खालची बाजूही मोकळी सोडायची नाही, नाहीतर बॅग हेलकावे खात स्पोकमध्ये जाते. मिस्त्रीने बाईंच्या बॅगेला त्यासाठी जुन्या ट्यूबची पट्टी कापून लावली, आणि ती विकतच्या इलॅस्टिकपेक्षा मजबूत निघाली.

बॅग मागे नेली तर पुढचे चाक हलके होऊन उचलेल, ही भीती सगळीकडे ऐकू येते. तिचाही हिशेब मांडून पाहावा. दोन्ही बॅगांत मिळून दहा किलो सामान आहे आणि त्याचा मध्य एक्सलच्या नऊ सेंटिमीटर मागे आहे असे धरू. दोन चाकांमधले अंतर साधारण १०५ सेंटिमीटर. म्हणजे पुढच्या चाकावरचे वजन जेमतेम किलोभर घटते. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर ते जाणवतही नाही. तिथे बॅग बिनधास्त मागे घ्यावी.

साताऱ्याचे तसे नाही. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे येताना रस्ता चढतो, आणि हौसेने यवतेश्वरचा घाट धरला तर चढ संपतच नाही. चढावर माणसाचे वजन आधीच मागच्या चाकाकडे झुकलेले असते. सीटवरून उठून पायडल मारले की मागे लांब लटकलेली बॅग सायकलला डावी-उजवीकडे ओढते. परतीच्या उतारावर वेग वाढला की हेच मागचे ओझे हँडलपर्यंत थरथर पोचवते. साताऱ्यात मोठी बॅग मागे ढकलत बसण्यापेक्षा बॅग अरुंद घ्यावी किंवा जिचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेला आहे अशी घ्यावी. तिरक्या कापामुळे टाचेला जागा मिळते आणि ओझे एक्सलच्या जवळ राहते. सामान कमी असेल तर एकच बॅग पुरे. जड वस्तू, म्हणजे लॅपटॉप, डबा, कुलूप, बॅगेच्या तळाशी आणि पुढच्या अंगाला ठेवाव्यात, रेनकोट आणि कपडे वर.

रिकामी बॅग दुकानात नेहमीच नीट बसते. सामान भरल्यावर ती फुगते, तिची पुढची बाजू दोन-तीन सेंटिमीटर पुढे येते, आणि तक्रार सुरू होते ती घरी गेल्यावर. म्हणून बॅग घ्यायला निघताना आपलीच सायकल न्या, रोजचे बूट घाला, रोजचा डबा आणि लॅपटॉप सोबत ठेवा. बॅग भरून टांगायला लावा, सायकलवर बसा आणि पायडल उलटे फिरवून बघा. टाच आणि बॅग यांच्यात दोन बोटे सहज जात असतील तरच पैसे द्या.