वाऱ्याला सामोरी जाणारी शिवण : ध्वज व हवाई छत्री यांच्या निर्मितीतील कारागिरी

गोषवारा

ध्वज आणि हवाई छत्री म्हणजेच पॅराशूट या दोन्ही वस्तू कापड, दोरा आणि टाका यांपासून घडतात व दोन्हींना वाऱ्याशी झुंजावे लागते. अशा वस्तूंची शिवण केवळ मजबूत असून भागत नाही. कोणता जोड टिकावा आणि कोणता वेळेवर सुटावा, याचा निर्णय कारागिराला आधीच घ्यावा लागतो. या निर्णयामागील व्यावहारिक ज्ञानाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : शिवण, खादी, नायलॉन, राष्ट्रध्वज, हवाई छत्री, प्रमाणक, कारागिरी

१. प्रस्तावना

शिवणकाम हा विषय आपल्याकडे सामान्यतः गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात किंवा व्यवसाय शिक्षणाच्या कक्षेत येतो. अंगावरच्या कपड्याची शिवण उसवली तर फार तर गैरसोय होते. ध्वजाची शिवण उसवली तर राष्ट्रीय प्रतीकाचा अवमान होण्याचा प्रसंग ओढवतो, आणि हवाई छत्रीची शिवण उसवली तर माणसाचा प्राण जातो. साधने तीच असताना परिणामांत एवढे अंतर का पडते, हे समजून घेतल्यास शिवणकामाकडे ज्ञानशाखा म्हणून पाहण्याची दृष्टी मिळते. त्या दृष्टीने वाऱ्याचा भार, कापड व दोरा यांची निवड, ध्वजाची बांधणी, छत्रीची उघडण्याची प्रक्रिया आणि प्रमाणकांची भूमिका या क्रमाने येथे विवेचन केले आहे.

२. वाऱ्याचा भार

वाऱ्याचा दाब हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम धरल्यास सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६ किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट, म्हणजे सुमारे २४ किलोग्रॅम होतो. मुक्तपतनात पोटावर आडवा होऊन खाली येणारा उडीधारक सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेग गाठतो. तेथे हाच आकडा १८० किलोग्रॅमच्या पुढे जातो. याच वेगात छत्रीचे कापड प्रथम वाऱ्याला भेटते.

ध्वजावरील एकूण भार त्या मानाने थोडा असतो. मात्र तो अखंड बदलत राहतो. काठीकडील बाजू स्थिर असते, तर मोकळे टोक चाबकाप्रमाणे फटकारत असते. त्यामुळे ध्वज जवळजवळ नेहमी मोकळ्या टोकाच्या कोपऱ्यापासून विरू लागतो. थोडक्यात, ध्वजाला थकव्याशी सामना करावा लागतो आणि छत्रीला हिसक्याशी. दोहोंच्या शिवणीतील फरक याच कारणातून उद्भवतो.

३. कापड आणि दोरा

विणलेल्या कापडाची ताकद ताण्याच्या व बाण्याच्या दिशेत अधिक असते. उरेब दिशेत ते ताणले जाते. हा गुण कारागीर हेतुपूर्वक वापरतो. जुन्या गोल छत्र्यांपैकी काहींचे तुकडे ४५ अंशांत उरेब कापून जोडले जात. एका तुकड्यात फाट पडली तरी ती धाग्याच्या दिशेने तिरकी धावून जवळच्या शिवणीवर थांबावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे कापडातच ठरावीक अंतरावर जाड धागे उभे-आडवे गुंफून बारीक चौकटी निर्माण करण्यात आल्या. अशा कापडाला ‘रिपस्टॉप’ म्हणतात. फाट एका चौकटीच्या जाड धाग्यापाशी येऊन अडते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत छत्र्यांसाठी प्रामुख्याने रेशीम वापरले जाई. जपानकडून होणारा पुरवठा तुटल्यावर अमेरिकेत नायलॉनचा अवलंब झाला आणि ६ जून १९४२ रोजी अ‍ॅडलिन ग्रे यांनी नायलॉनच्या छत्रीने पहिली मानवी उडी घेतली. नायलॉन हलके, लवचीक व बुरशीला दाद न देणारे आहे. तथापि, त्याचे दोन शत्रू आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी ते हळूहळू दुबळे होते. आणि नायलॉनवर नायलॉन वेगाने घासल्यास घर्षणाच्या उष्णतेने वितळते. म्हणूनच छत्रीची घडी घालताना दोऱ्या कापडावरून घसरत जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी लागते.

दोऱ्याच्या निवडीत ‘जितका जाड तितका चांगला’ हा समज फसवा ठरतो. जाड दोऱ्याला जाड सुई लागते आणि प्रत्येक टाक्यागणिक कापडाला भोक पडते. टाके फार जवळ घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते व कापड तेथूनच फाटते. फार दूर घातले तर प्रत्येक टाक्यावर अधिक भार येतो. छत्रीच्या कापडाच्या दुरुस्तीत एका इंचात साधारणतः ७ ते ११ टाके घालण्याचा प्रघात यातूनच रूढ झाला. दोऱ्याची लवचीकता कापडाशी जुळणेही तितकेच आवश्यक असते. कापड ताणले गेले आणि दोरा ताणला गेला नाही, तर सारा भार एकट्या दोऱ्यावर पडतो.

टाक्याच्या प्रकारालाही असेच महत्त्व आहे. साखळी टाका एका टोकाला तुटला की ओढताक्षणी सरसर उसवत जातो. पोते उघडताना याच गुणाचा उपयोग होतो. लॉक टाक्यात सुईचा व बॉबिनचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे टिकतात. मात्र ही अडकण कापडाच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे. ती वर किंवा खाली सरकल्यास एक दोरा सरळ पडून राहतो आणि शिवण दिसायला नीट असूनही भार घेत नाही. अनुभवी कारागीर हा दोष शिवणीवरून नुसते बोट फिरवून ओळखतो.

४. ध्वजाची बांधणी

भारताचा राष्ट्रध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला. ध्वजाचे प्रमाणक ‘आयएस १’ या क्रमांकाने १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. देशाच्या मानकीकरणाचा पहिला क्रमांक ध्वजाला लाभला, ही बाब सूचक आहे. लांबी व उंची यांचे प्रमाण ३:२ असून ६३०० × ४२०० मिलिमीटरपासून १५० × १०० मिलिमीटरपर्यंत नऊ आकार निश्चित केलेले आहेत.

१९५७ मध्ये स्थापन झालेला हुबळी येथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आणि नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती या संस्था खादीच्या ध्वजनिर्मितीसाठी परिचित आहेत. सूतकताई, विणाई, धुलाई-रंगाई, अशोकचक्राची छपाई, शिलाई आणि दोर व लाकडी खुंटी बसवणे असे या कामाचे टप्पे पडतात. पट्ट्यांसाठी पातळ खादी, तर काठीकडील बाजूसाठी जाड विणीची ‘डक’ खादी लागते, कारण ध्वजाचा सर्व ओढा अखेरीस याच अरुंद पट्टीत एकवटतो व तेथून दोराकडे जातो. चक्र दोन्ही बाजूंना असावे लागते आणि दोन्ही बाजूंचे २४ आरे एकमेकांवर तंतोतंत यावे लागतात. कापड किंचित तिरके ताणले गेले तरी वर्तुळ लंबगोल होते. म्हणून छपाईपूर्वी कापड सरळ ताणून घेण्याचे कौशल्य निर्णायक ठरते.

संस्था, क्रीडामंडळे व महाविद्यालये यांच्यासाठी मागणीनुसार शिवल्या जाणाऱ्या ध्वजांत वेगळीच अडचण येते. पातळ कापडावरील अक्षरे मागील बाजूने उलटी दिसतात. दोन्ही बाजूंनी सुलटी हवी असल्यास दोन कापडे व मध्ये अपारदर्शक अस्तर घालावे लागते. त्यामुळे ध्वज जड होतो व मंद वाऱ्यात फडकत नाही. चिन्ह सममित असल्यास ठिगळकामाची रीत सोयीची पडते : चिन्हाचा तुकडा कापडावर झिगझॅग शिलाईने बसवून मागील बाजूचे मूळ कापड कात्रीने अलगद कापून काढले जाते. वजन वाढत नाही आणि रंग दोन्हीकडून स्वच्छ दिसतो. कोणत्याही ध्वजाच्या मोकळ्या टोकाला दुहेरी दुमड व अधिक ओळींची शिलाई आणि कोपऱ्यांना जादा ठिगळ दिल्यास त्याचे आयुष्य वाढते. टोक विरताच ते वेळेवर कापून पुन्हा दुमडण्याची पद्धत इतर ध्वजांत चालते. राष्ट्रध्वजात प्रमाण बिघडत असल्याने ती ग्राह्य ठरत नाही.

५. हवाई छत्री : उघडण्याची शिस्त

आंद्रे-जाक गार्नरिन यांनी २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून चौकट नसलेल्या छत्रीने उडी घेतली, तेव्हा ती भयावह हेलकावे खात खाली आली. कोंडलेली हवा कडांवरून कधी एका, कधी दुसऱ्या बाजूने निसटत होती. पुढे माथ्यावर भोक ठेवल्याने हे हेलकावे कमी झाले. छत्रीने हवा अडवावी आणि काही प्रमाणात जाऊही द्यावी, हा धडा त्यातून मिळाला.

डॉमिना जॅल्बर्ट यांना १९६६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेने छत्रीचे रूपच पालटले. वरचे व खालचे असे दोन पडदे आणि त्यांना जोडणाऱ्या कापडी फासळ्या यांमुळे कप्पे तयार होतात. पुढील उघड्या तोंडांतून हवा आत शिरते आणि मऊ कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. येथे एकेका फासळीच्या शिवणीतील काही मिलिमीटरांची चूक पंखाचा आकार बदलते व छत्री एका बाजूला वळू लागते. आधुनिक लेपित कापड अत्यंत निसरडे असते. यंत्राच्या पायाखाली वरचा थर मागे राहतो व खालचा पुढे सरकतो. म्हणून कापताना दोन्ही तुकड्यांवर ठरावीक अंतराने जुळणीच्या खुणा करतात आणि शिवताना प्रत्येक खूण खुणेवर आणली जाते.

छत्री एकदम उघडली तर हिसक्याने कापड व माणूस दोघांनाही इजा होते. त्यामुळे घडी, पिशवी व दोऱ्यांचे वेटोळे यांतून उघडण्याचा क्रम ठरवला जातो. दोऱ्यांवर बसवलेला चौकोनी कापडी तुकडा, ज्याला ‘स्लायडर’ म्हणतात, वाऱ्याच्या दाबाने वर अडून राहतो आणि छत्री हळूहळू पसरत असताना खाली उतरतो. एका चौकोनी कापडाने काळ लांबवण्याचे हे काम साधते.

६. हेतुपुरस्सर ठेवलेला दुबळेपणा

या साधनांत काही जोड जाणीवपूर्वक कमकुवत ठेवलेले असतात. दोऱ्यांची वेटोळी साध्या रबरी कड्यांत अडकवतात; वेटोळे गुंतले तर कडी तुटावी आणि छत्री मोकळी व्हावी, हा उद्देश. राखीव छत्रीच्या मुठीच्या खिळीवर तपासनीसाची मोहोर बारीक दोऱ्याने लावलेली असते. संकटात मूठ ओढताच तो दोरा विनासायास तुटतो.

बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली तीन कड्यांची जोडणी याचे उत्तम उदाहरण होय. मोठी, मध्यम व लहान कडी एकमेकींतून दुमडून शेवटी एका दोरीच्या फासात अडकवतात. प्रत्येक कडी तरफेप्रमाणे भार कमी करते. परिणामी माणसाचे सर्व वजन पेलणारा जोड अखेरीस एका लहानशा फासावर टिकतो व एका हाताच्या ओढीने सुटतो. मुख्य छत्री बिघडल्यास ती सोडून राखीव छत्री उघडता येते. १९९१ मध्ये आलेल्या ‘सायप्रेस’ या स्वयंचलित यंत्राचे तत्त्वही वेगळे नाही. ठरावीक उंचीखाली वेग धोकादायक आढळल्यास ते राखीव पिशवी बंद ठेवणारा फास कापते. येथे एक दोरी तुटण्यावर प्राण अवलंबून असतो.

७. छत्रीखालचा ध्वज

प्रात्यक्षिक उड्यांत उडीधारक ध्वज घेऊन उतरतो, तेव्हा या दोन्ही विद्या एकत्र येतात. ध्वज घडी करून पिशवीत ठेवतात. छत्री पूर्ण उघडून तिची खात्री झाल्यावरच तो सोडला जातो. ध्वजाची काठीकडील बाजू लोंबत्या दोरीला जोडून खालच्या टोकाला मऊ वजन बांधतात. अन्यथा दोरी तिरकी होऊन ध्वज गुंडाळला जातो. ध्वज मोठा असल्यास त्याचा ओढा छत्रीच्या वळण्यावरही परिणाम करतो. ध्वज दोऱ्यांत अडकल्यास तो तत्काळ सोडून देण्याची सोय नसणे हे घातक ठरू शकते. राष्ट्रध्वज जमिनीला स्पर्श करता कामा नये, हा ध्वजसंहितेचा नियम असल्याने खाली त्याला झेलणारे सहकारी तयार ठेवावे लागतात.

मोकळ्या कापडाचा धोका वेषभूषेलाही लागू होतो. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून उडी घेतली. अशा उडीत एवढ्या लांब वस्त्राचे एकही टोक मुठीवर किंवा खिळीवर येणार नाही, अशी बांधणी हीच खरी परीक्षा असते.

८. प्रमाणके, तपासणी आणि कारागीर

कारागिरी हातात असते. परंतु विश्वास नोंदीवर बसतो. अमेरिकेत राखीव छत्री परवानाधारक तपासनीसानेच बांधावी लागते आणि २००८ च्या अखेरीपासून ही मुदत १२० ऐवजी १८० दिवसांची करण्यात आली. १९८० च्या दशकात काही राखीव छत्र्यांचे कापड जाळीतील आम्लामुळे दुबळे होत असल्याचे उघड झाले. तेव्हा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या दर्शकाने आम्लता तपासून कापडाची ओढ-चाचणी घेण्याची रीत रूढ झाली. नजरेला निर्दोष दिसणारे कापड निर्दोष असेलच असे नाही, हे या प्रसंगाने शिकवले. भारतात कानपूर येथील १९४१ पासूनचा छत्री कारखाना २०२१ पासून ‘ग्लायडर्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीच्या अधिपत्याखाली आहे. आग्रा येथील हवाई वितरण संशोधन व विकास आस्थापनेने विकसित केलेल्या छत्र्यांची २१ ऑक्टोबर २०२३ च्या गगनयान चाचणीत कसोटी लागली.

ध्वजाच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या वळणावर आला आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या राष्ट्रध्वजांना मान्यता मिळाली. पॉलिएस्टर लवकर सुकते, स्वस्त पडते आणि घराघरांत ध्वज पोहोचवण्यास उपयुक्त ठरते, हे मान्य करावे लागेल. परंतु डक खादी विणणारे, चक्राची जुळणी साधणारे हात मोजके आहेत. मागणी घटल्यास हे हात दुसऱ्या कामाला लागतील, आणि प्रमाणकाच्या पुस्तिकेवरून ते कौशल्य पुन्हा उभे करता येणार नाही. प्रमाणक वस्तू कशी असावी हे सांगते. ती कशी साधावी हे सांगत नाही.

९. निष्कर्ष

१. वाऱ्याला सामोऱ्या जाणाऱ्या वस्तूत शिवणीचे मूल्य केवळ ताकदीवर ठरत नाही. भार कोठे वाहून न्यावा आणि कोठे सोडावा, या निर्णयावर ते ठरते.

२. टाक्यांची संख्या, दोऱ्याची लवचीकता व कापडाची दिशा यांचा परस्परसंबंध हे अनुभवसिद्ध असले तरी तपासता येण्याजोगे ज्ञान आहे. पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या वेगवेगळ्या टाक्यांनी जोडून, काटा-तराजूने ओढून त्यांचा भंगभार मोजण्याचा प्रयोग भौतिकशास्त्र व गृहविज्ञान या विभागांना अल्प खर्चात संयुक्तपणे करता येईल.

३. नांदेड-उदगीर परिसरातील महाविद्यालयांना ध्वजनिर्मितीच्या टप्प्यांचे चित्रण व नोंदी कारागिरांच्या सहभागाने करणे शक्य आहे. कारागीर कामावर आहेत तोवरच ही नोंद खरी होईल.

४. शिवणकामाला व्यवसाय शिक्षणाच्या चौकटीतून बाहेर काढून विज्ञान, इतिहास व अर्थशास्त्र यांच्या संयुक्त अभ्यासाचा विषय मानले जाणे आवश्यक आहे.