न पोहोचलेल्या संदेशांची व्यवस्था : टपाल, ई-मेल आणि व्हॉइसमेल

मागील घटकात संदेशवहनाचे स्वरूप पाहताना संदेश पोहोचतोच, असे आपण गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कोणत्याही संदेशव्यवस्थेची खरी परीक्षा तो पोहोचत नाही तेव्हा होते. तंत्रज्ञानाचा हा भाग अवघड वाटला, तर प्रथम टपालाचे उदाहरण नीट लक्षात घ्या. पुढचे सारे त्यातूनच उलगडत जाते.

मालवण तालुक्यातील आचरे, मसुरे, देवबाग यांसारख्या गावांत अनेक घरांचा संसार मुंबईच्या चाकरमान्याने पाठविलेल्या मनीऑर्डरीवर चालत असे. त्यामुळे टपाल न पोहोचणे हा तेथे थेट चुलीशी निगडित प्रश्न होता. एकाच नावाची वाडी अनेक गावांत आणि एकाच आडनावाची अनेक घरे एका वाडीत असत. पत्त्यात वाडी लिहावयाची राहिली, की पोस्टमनला केवळ ओळखीवर काम भागवावे लागे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. पण ४१६६०६ हा अंक पत्र मालवणच्या टपाल कार्यालयापर्यंत नेतो, घराच्या खळ्यापर्यंत नव्हे.

पत्ता न सापडल्यास पोस्टमन ‘पत्ता अपुरा’, ‘घर सोडून गेले’, ‘घेण्यास नकार’ असा शेरा लिहून पत्र परत पाठवी. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता नसेल तर? १८९८ च्या टपाल कायद्यात याची तरतूद होती. असे पत्र वरिष्ठ कार्यालयाकडे जाई आणि गुप्ततेचे बंधन असलेला नियुक्त अधिकारीच ते उघडून आत पाठविणाऱ्याचा पत्ता शोधी. तोही न मिळाल्यास पत्र नष्ट केले जाई. आत पैसे किंवा विक्रीयोग्य वस्तू असल्यास मात्र वर्षभर जपून ठेवीत. (हा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला आहे.) दुसऱ्याचे पत्र उघडण्याचा अधिकार किती काटेकोरपणे बांधून ठेवला होता, याकडे लक्ष द्या.

ई-मेलची रचना याच धर्तीवर आहे. तुम्ही पाठविलेला मजकूर तुमचा सर्व्हर प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरकडे सोपवितो. समोरच्या सर्व्हरने एकदा ‘स्वीकारले’ अशी पोच दिली, की जबाबदारी त्याच्याकडे जाते: संदेश पोहोचवावा, नाहीतर अपयश पाठविणाऱ्यास कळवावे. मुकाट्याने टाकून देणे नियमाला धरून नाही. अपयश दोन प्रकारचे असते. उत्तराचा अंक ४ ने सुरू झाला, तर अडचण तात्पुरती आहे. संदेश रांगेत थांबतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न होतो. ५ ने सुरू झाला, तर अपयश कायमचे. ५५० हा अंक बहुधा ‘अशी पेटीच नाही’ असे सांगतो. तात्पुरत्या अडचणीत निदान चार-पाच दिवस प्रयत्न करीत राहावे, असे मानक सुचविते. ही मुदत निरर्थक नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे अंधारात गेली. अशा वेळी गावातला सर्व्हर बंद पडला, तर त्याच्याकडे निघालेले संदेश लगेच परत फिरत नाहीत. पण वीज आठवडाभर आली नाही, तर फिरतात.

परतीच्या सूचनेला ‘बाऊन्स’ म्हणतात. येथे एक पेच आहे. सूचनाच पोहोचली नाही, तर तिची सूचना, तिचीही पुन्हा सूचना, असे चक्र सुरू होईल. म्हणून बाऊन्सच्या लिफाफ्यावर परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात. तोही अडकला, तर बहुधा सर्व्हरच्या ‘पोस्टमास्टर’ या पेटीत टाकला जातो. ही पेटी असणे बंधनकारक आहे; जुन्या टपालाचा शब्द येथे टिकून राहिला, हेही भाषेच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे.

भाषेचा खरा प्रश्न पुढे आहे. ‘पत्ता अपुरा’ हा शेरा दोन शब्दांत सारे सांगत असे. बाऊन्स मात्र बहुधा दहा-बारा ओळींच्या इंग्रजी तांत्रिक मजकुरात येतो आणि जाहिरात समजून पुसला जातो. तारकर्लीतील एखाद्या न्याहारी-निवास चालकाने पाहुण्यास पाठविलेले आरक्षणाचे उत्तर परत आले आणि ते त्याने वाचलेच नाही, तर पाहुणा उत्तर नाही म्हणून दुसरीकडे जातो. अशा मजकुरात प्रथम तीन अंकी क्रमांक शोधा, मग त्यापुढील पत्ता अक्षर अक्षर ताडून पाहा. बहुतेक वेळा चूक तेथेच सापडते.

व्हॉइसमेलची अडचण आणखी वेगळी. काही यंत्रणा नोंदविलेला आवाज ध्वनिफीत करून ई-मेलने पाठवितात. पेटी भरलेली असेल, तर बाऊन्स कोणाकडे जाणार? बोलणाऱ्याने दूरध्वनी केला होता. त्याचा ई-मेल पत्ता यंत्रणेकडे नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थेत मूळ आवाज पोच मिळेपर्यंत व्हॉइस सर्व्हरवर जपून ठेवतात आणि अडकलेले निरोप व्यवस्थापकाकडे जातात. तो निरोप ऐकावा की केवळ क्रमांक पाहून परत दूरध्वनी करावा, याचा नियम कार्यालयाने आधीच ठरविलेला असावा. पत्र उघडणाऱ्या अधिकाऱ्याचे बंधन येथेही लागू पडते. याहून उत्तम उपाय म्हणजे दारातच सांगणे. ‘निरोपांची पेटी भरली आहे. आपला निरोप नोंदविला जाणार नाही. कृपया कार्यालयीन वेळेत पुन्हा दूरध्वनी करावा,’ ही तीन मराठी वाक्ये बोलणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी ऐकू आली पाहिजेत, नंतर नव्हे.