अक्षराचा पोत आणि दुकानाचा शब्द

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा दुकानाच्या पाटीशी काय संबंध? संबंध आहे. पाटी म्हणजे एक विधान असतं. विधान आलं, की ते खरं की खोटं आणि ते कशावरून ठरवायचं, हे प्रश्न मागोमाग येतातच.

अलीकडे छोटा व्यवसाय सुरू करणारी मुलं-मुली, मग तो मसाल्यांचा असो, लाकडी घाण्याच्या तेलाचा असो की कॅफे असो, आपल्या नावासाठी एका विशिष्ट तऱ्हेचं अक्षर मागतात. कडा तुटलेल्या, रंग मध्येच विरलेला, जुन्या छापासारखं खरखरीत. डिझायनर मंडळी त्याला 'टेक्श्चर्ड फॉन्ट' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 'पोत' हा छान शब्द आहे. पैठणी आणि हिमरूच्या मुलखाला तो समजावून सांगायला नको. कापडाचा पोत आपण बोटांनी चाचपतो, अक्षराचा डोळ्यांनी चाचपायचा, एवढाच फरक.

असं अक्षर निवडावं कसं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पोत हा पुरावा असतो. ज्या गोष्टीचा तो पुरावा आहे, ती गोष्ट तुमच्या दुकानात असली पाहिजे.

न्यायदर्शनातलं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. डोंगरावर धूर दिसला, की तिथे आग आहे असं आपण अनुमान करतो. धूर हा हेतू, आग हे साध्य. गिऱ्हाईक पाटीकडे बघतं तेव्हा नकळत हेच करतं. रंग सुकत गेलेला ब्रशचा फटकारा दिसला, की त्याला वाटतं, हे कुणीतरी हातानं लिहिलंय. म्हणजे आतला मालही हातचा असणार. पण धुक्यालाच आपण धूर समजलो तर? अनुमानाचा पायाच गेला. अशा सदोष हेतूला नैयायिकांनी हेत्वाभास म्हटलं. कारखान्यातून पाकीटबंद आलेला माल आणि पाटीवर मात्र हाताच्या कष्टाच्या खुणा, हा पाटीवरचा हेत्वाभास आहे.

आता जरा कारागिरीकडे येऊ. खऱ्या पोताला नेहमी कारण असतं. ब्रश रंगात बुडवला, की फटकारा सुरुवातीला भरलेला असतो आणि शेवटाकडे कोरडा होत जातो. म्हणजे पोताला दिशा असते. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत दाबामुळे शाई कडेला ढकलली जाते, म्हणून कड गडद दिसते. आणि दोन खिळे जुळतात तिथे शिरोरेषेला बारीक चीर राहते. रबरी शिक्का एका बाजूला जास्त दाबला गेला, तर दुसरी बाजू फिकी उठते. खडू फळ्याच्या फक्त उंचवट्यांवर घासतो.

आपल्या मोंढ्यातल्या गोण्यांवर पत्र्याच्या साच्यातून मारलेली अक्षरं आठवा. ती मध्ये मध्ये तुटलेली असतात. का? कारण 'व'चं पोट कापलं, तर पत्र्याचा आतला तुकडा गळून पडेल. तो धरून ठेवायला मध्ये पूल सोडावा लागतो. ती तूट शोभेसाठी आलेली नाही, गरजेतून आली आहे. धान्य-कडधान्याच्या व्यापाऱ्यानं असं अक्षर घेतलं तर ते त्याच्या धंद्यातूनच आलेलं असेल. तेच दातांच्या दवाखान्यावर लावलं तर? रुग्ण काय अनुमान करेल, ते तुमच्यावर सोडतो!

याउलट, खोटा पोत संगणकावर एकसारखा पसरलेला असतो. रेघ आडवी असो वा उभी, ठिपके तेच. ओळखण्याची सोपी युक्ती सांगतो. नावात एकच अक्षर दोनदा येत असेल, उदाहरणार्थ 'काका'मधला 'का', तर दोन्हींवरचे ओरखडे जुळवून बघा. तंतोतंत तेच निघाले, तर सोंग उघडं पडलं. हात तीच चूक त्याच जागी दोनदा करत नाही. चांगल्या फॉन्टमध्ये म्हणूनच एका अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात.

इथे एक आक्षेप येईल. सर, मग नक्कल करूच नये का? तसं मी म्हणत नाही. आपला हिमरू घ्या. किनखाब म्हणजे रेशीम आणि सोन्या-चांदीची जर; त्याच्या वळणावर सूत आणि रेशीम घेऊन हिमरू विणला गेला. हा शब्दच फारसीतल्या 'सारखा' अशा अर्थाच्या शब्दावरून आला असं सांगतात. म्हणजे नक्कल आहे, पण ती नावातच कबूल केलेली आहे. आज त्याच नक्षीचं यंत्रमागाचं कापड कुणी 'हातमागाचा हिमरू' म्हणून विकलं, तर ती मात्र फसवणूक. रूप उसनं घेणं वेगळं आणि खोटी साक्ष देणं वेगळं.

फॉन्टमध्येही हा भेद दिसतो. 'यात्रा वन' नावाचा देवनागरी फॉन्ट मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरला. त्यानं वळण घेतलं, पण रंग उडाल्याचं नाटक केलं नाही. 'एक टाइप' या संस्थेच्या 'मोदक'मध्ये ओरखडे नाहीत, तरी गुबगुबीत आकारानंच तो स्वभाव सांगतो. अनेकदा तुम्हाला पोत नको असतो, स्वभाव हवा असतो. तो आकारातूनही मिळतो. हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यवसायासाठी वापरता येतात. इतर कुठलाही फॉन्ट घेताना परवाना वाचा. 'फुकट' म्हणून उतरवलेले कित्येक फॉन्ट फक्त घरगुती वापरापुरते असतात.

देवनागरीत आणखी एक धोका आहे. आपला अनुस्वार म्हणजे एक ठिपका. खरखरीत अक्षरात तो विरला, तर 'भांडी' विकणारा 'भाडी' विकायला लागतो आणि 'रंग'वाल्याच्या दुकानाची 'रग' होते! उलट एखादा उडालेला ठिपका शिरोरेषेवर बसला, तर नसलेला अनुस्वार उगवतो. रफार आणि जोडाक्षरंही अशीच नाजूक. म्हणून नाव आधी पोताशिवाय लिहून बघा. तिथे नीट वाचता आलं तरच पोत चढवा. मग तेच नाव बिलावर, शिक्क्यावर आणि मोबाइलवरच्या नखाएवढ्या चित्रात लहान करून बघा. तिथे पोताचा चिखल होतो. पाटीसाठी पोताचं आणि लहान जागेसाठी स्वच्छ, अशी एकाच अक्षराची दोन रूपं करून ठेवावीत. पत्ता, किंमत, घटकपदार्थ यांना पोत देऊच नये.

पुष्कळ जण काय करतात? इंग्रजी नावासाठी हौसेनं पोताचा फॉन्ट विकत घेतात आणि मराठी नाव खाली कुठल्याही तयार फॉन्टात टाकून देतात. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण कायदा आकार मोजतो, आस्था मोजत नाही. ती तुम्ही दाखवायची. सुरुवात मराठी नावापासून करा, इंग्रजी त्याला जुळवून घ्या.

आणि शेवटचा, साधा प्रश्न. तुमच्या नावात चार-सहा अक्षरं. तेवढ्यासाठी फॉन्ट हवाच कशाला? फॉन्ट लागतो तो हजार शब्द लिहायला. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की अक्षर बघूनच नाटकाची जात कळावी. ती एकेका नावासाठी काढलेली अक्षरं होती. फ्लेक्स आल्यावर गावोगावच्या पेंटरांचं काम गेलं. हनीफ कुरेशी यांनी अशा रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं संगणकात जतन करायचा प्रकल्प केला, ते मोलाचंच. पण ज्या गावात पेंटर अजून आहे, तिथे त्याच्या अक्षराची नक्कल विकत घेण्यापेक्षा त्यालाच बोलवावं. त्याच्याकडून नाव पाच-सहा वेळा कागदावर लिहून घ्या, उत्तम जमलेलं स्कॅन करा, त्याचं नाव आणि मोबदला दोन्ही त्याला द्या. मग पाटीवरचा कोरडा फटकारा हा हेत्वाभास राहत नाही. धूर दिसतो, आणि आगही असते.

गिऱ्हाईक पाटी एकदा वाचतं, माल मात्र रोज वापरतं. पाटीनं दिलेला शब्द मालाला पाळता येईल, एवढंच अक्षर निवडताना बघा.