घरोघरी शुश्रूषा, पण गाडीचा खर्च कोणाचा?

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, मुलगी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. दिवसभर स्वतःची मोटार चालवते. पगार बरा, पण हाती काही उरत नाही, दुपारी जेवायलाही सवड नाही. असे का?"

प्रश्न पैशाचा वाटला तरी तो प्रकृतीचाही आहे. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी जादा फेऱ्या घेतल्या, की उपाशीपोटी व अपुऱ्या झोपेवर गाडी चालवणे आलेच. म्हणून ही माहिती देतो.

आपल्याकडील टी.ए. बिलासारखा तिकडे मैलांवर भत्ता मिळतो. ब्रिटनच्या करखात्याने २०११ मध्ये वर्षातील पहिल्या १०,००० मैलांना मैली ४५ पेन्स व पुढे २५ पेन्स असा दर ठरवला. एवढे मालकाने द्यायलाच हवे, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. ही करमुक्त भत्त्याची मर्यादा आहे; मालक कमीही देऊ शकतो.

मात्र कमी पडलेल्या रकमेवर करसवलत मागता येते. समजा, मैली २५ पेन्स मिळाले व वर्षात ५,००० मैल झाले. ४५ पेन्सच्या हिशेबाने तूट १,००० पौंडांची. २० टक्के कर भरणाऱ्याचे त्यावर २०० पौंड वाचतात.

दुसरे असे, की एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ किमान वेतनासाठी कामाचाच धरतात. घरापासून पहिल्या रुग्णापर्यंतचा सहसा धरत नाहीत. पदरचा पेट्रोलखर्च वजा जाता वेतन किमान पातळीखाली येत असेल, तर फरक मालकाने द्यावा लागतो.

यासाठी तारीख, ठिकाणे व मैल रोज वहीत लिहावेत. विमा कामासाठीच्या वापराचा आहे ना, हे पाहावे. नसल्यास अपघातानंतर भरपाई अडकू शकते. भारतीय परवानाही तेथे वास्तव्यास गेल्यापासून १२ महिनेच चालतो. आणि सहा तासांहून अधिक काम असेल, तर मध्ये २० मिनिटांची विश्रांती हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तेवढ्या वेळात डबा खाऊन होतो.

गृहस्थांना मी एवढेच सांगितले, "फोनवर पगार विचारता, तशी मैलांची वही आणि जेवणाची वेळही विचारत जा."